वकिलीची पदवी : कोणी घ्यावी व कशी मिळवावी

आमच्या सुशिक्षित घरांतून वकिली ह्या धंद्याविषयी दोन परस्परविरुद्ध समजुती एकाच माजघरात सुखाने नांदत असतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन ज्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी नित्य असते, तेच वडील घरातील एखादे मूल जरा तोंडाळ निघाले, की ‘हा पुढे वकील होणार’ असे मोठ्या कौतुकाने सांगतात. ह्यांपैकी पहिली समजूत पक्षकारापुरती खरी असेल. दुसरी मात्र बहुधा खोटीच ठरते. वकिलाच्या आयुष्यात बोलण्याचे क्षण थोडे, वाचण्याचे व लिहिण्याचे तास पुष्कळ. दिवाणी दाव्यात तर कैफियत, दस्तऐवज आणि पुरावा ह्यांचे कागद जमवण्यात व तपासण्यात वर्षे जातात, आणि तोंडी युक्तिवादाला अखेरीस एखादी दुपार मिळते. तेव्हा तोंडाळ मुलापेक्षा जे मूल हाती आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच बोलते, त्याच्याकडे पालकांनी अधिक आशेने पाहावे, असे आमचे मत आहे.

कायद्याचे शिक्षण आणि महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्ग ह्यांचा संबंध जुना आहे. मुंबईचे सरकारी विधी महाविद्यालय १८५५ साली सुरू झाले, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून ते दोन वर्षांनी वडील. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक हे कायद्याचे पदवीधर. टिळकांनी १८७९ साली एल्‌एल. बी. होऊनही वकिली केली नाही, परंतु पुढे पुण्यात कायद्याचा वर्ग मात्र चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ साली त्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुण्याचे आय. एल. एस. विधी महाविद्यालय १९२४ चे. त्या काळी कायद्याची पदवी बहुधा दुसऱ्या पदवीच्या पाठीवर, सकाळ-संध्याकाळच्या वर्गांत बसून घ्यावयाची असे. नोकरी सांभाळून ती घेतलेले आजोबा कित्येक घरांत सापडतील. हे सांगण्याचे कारण इतकेच, की ह्या आजोबांच्या अनुभवावर आजच्या नातवाचा मार्ग आखू गेल्यास फसगत होते. नियम बदलले, परीक्षा बदलल्या, आणि १ जुलै २०२४ पासून तर खुद्द कायद्यांची पुस्तकेही बदलली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ‘चारशेवीस’ हा शब्द आपल्या बोलीत राहील खरा, पण फसवणुकीचे कलम आता ३१८ झाले आहे.

आमच्याकडे निकालाच्या दिवसांत पालकांची पत्रे येतात. त्यांतील एक पत्र आम्हांस विशेष विचार करण्याजोगे वाटले. लिहिणारे गृहस्थ सेवानिवृत्त, एकत्र कुटुंबाचे कर्ते. त्यांच्या धाकट्या बंधूंची वकिली चांगली चालत असे. बंधू निवर्तल्यापासून ओटीवरील कचेरी बंद आहे आणि पुस्तकांची दोन कपाटे धूळ खात आहेत. थोरल्या चिरंजीवांचा मुलगा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बसला आहे, तेव्हा त्याने कायद्याकडे जाऊन कचेरी उघडावी अशी सर्वांची इच्छा. त्याची स्वतःची इच्छा काय, हे पत्रात लिहिलेले नाही. धाकट्या चिरंजीवांची मुलगी विज्ञान शाखेत बारावीस आहे. ती चुलत आजोबांजवळ बसून लहानपणी दाव्यांच्या गोष्टी ऐकत असे व आता कायद्यालाच जाईन म्हणते. तथापि ‘मुलीस हा धंदा झेपेल काय, आणि एका घरात दोघांचा खर्च कसा करावा’ असा त्या गृहस्थांचा प्रश्न आहे.

प्रश्नाचा पहिला भाग आम्ही थोडक्यात निकालात काढतो. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकल्या आणि १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उतरल्या. त्या काळी तेथे स्त्रियांस पदवी देत नसत. ती पदवी हाती पडावयास १९२२ साल उजाडले. हिंदुस्थानात स्त्रियांस वकिली करण्याची आडकाठी १९२३ च्या कायद्याने दूर झाली. म्हणजे झेपेल काय हा प्रश्न सुटूनही शंभर वर्षे झाली. त्या गृहस्थांनी खरोखर विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : कपाटे कोणाची वाट पाहत आहेत हे नव्हे, तर दोघांपैकी कोणाच्या बुद्धीला कायद्याचे वळण आहे?

हे वळण ओळखण्यासाठी आम्ही एक सोपी कसोटी सुचवतो, आणि ती रात्रीच्या पंगतीत सहज करून पाहता येईल. अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे १९१३ साली लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त हा खटला आला. गौरी दत्त ह्यांचा पुतण्या कानपूरच्या घरातून नाहीसा झाला. त्याच्या शोधासाठी त्यांनी आपल्या पदरी असलेल्या लालमनला प्रवासखर्च देऊन हरिद्वारकडे धाडले. तो निघून गेल्यावर मालकांनी हस्तपत्रके काढली, की मुलास शोधून देणाऱ्यास ५०१ रुपये बक्षीस देऊ. लालमनला ह्या बक्षिसाची वार्ता नव्हती. त्याने मुलगा शोधून काढला. पुढे काही महिन्यांनी नोकरी सुटल्यावर त्याने बक्षिसाच्या पैशांसाठी फिर्याद केली. न्यायालयाने ती फेटाळली.

ही हकीकत सांगून निकाल सांगण्यापूर्वी थांबावे व मुलांची तोंडे पाहावीत. एखादे म्हणेल, ‘बिचाऱ्याने शोधले, त्याला पैसे मिळालेच पाहिजेत.’ हे सहृदयतेचे लक्षण आहे, ते वाईट कसे म्हणावे? परंतु दुसरे एखादे क्षणभर गप्प राहून विचारील, ‘मुलगा सापडला तेव्हा बक्षिसाचे त्याला ठाऊक होते काय?’ तिसरे कदाचित म्हणेल, ‘शोधण्याचे काम तर त्याला नोकर म्हणून आधीच सांगितले होते, मग वेगळे बक्षीस कशाचे?’ ह्या दोन प्रश्नांवरच तो खटला निर्णीत झाला : ज्या प्रस्तावाची माहितीच नाही त्याचा स्वीकार होऊ शकत नाही, व स्वीकाराविना करार नाही. ज्या मुलास असे प्रश्न आपोआप सुचतात, निकाल मनाविरुद्ध गेला तरी त्यामागील कारण समजून घेण्यात ज्यास गोडी वाटते, त्याने कायद्याला जावे. ज्यास हे सर्व शब्दांचे खेळ वाटून जांभई येते, त्यास बळेच पाठवू नये. त्याची पाच वर्षे कष्टात जातील आणि कपाटांची धूळ पुन्हा तशीच राहील. आणि ज्यास प्रश्नही सुचतात व लालमनविषयी हळहळही वाटते, असे मूल घरात असेल, तर त्या घराने स्वतःस भाग्यवान समजावे.

आता पात्रतेकडे वळू. मार्ग दोन आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम, ज्यात कला, वाणिज्य, व्यवस्थापन वगैरेंची पदवी व कायद्याची पदवी एकत्र मिळते; किंवा कोणत्याही शाखेची पदवी घेऊन मग तीन वर्षांचा अभ्यासक्रम. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पहिल्यासाठी बारावीस आणि दुसऱ्यासाठी पदवीस साधारण वर्गातील विद्यार्थ्यास ४५ टक्के, इतर मागासवर्गीयास ४२, व अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यास ४० टक्के गुण असावे लागतात. शाखेचे बंधन नाही. विज्ञानाच्या मुलास कायद्याचे दार बंद असते, ही समजूत कोठून निघाली कोण जाणे! मात्र दहावी, बारावी व पदवी ह्या पायऱ्या क्रमाने चढलेल्या असाव्यात. बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी परीक्षेने थेट पदवी घेतलेल्यास ह्या नियमांनी कायद्याचा प्रवेश नाकारला आहे. तसेच घरबसल्या, टपालाने मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. वर्गात सत्तर टक्के उपस्थिती हा नियम आहे. नोकरी सांभाळून अभ्यास करू पाहणाऱ्याने तो आधी विचारात घ्यावा. आणि ज्या महाविद्यालयात नाव घालावयाचे, त्यास बार कौन्सिलची मान्यता त्या वर्षी चालू आहे किंवा नाही, हे फी भरण्यापूर्वी पाहावे, मागाहून नव्हे.

पण टक्के असणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. महाराष्ट्रात २०१६ पासून ह्या दोन्ही अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. कायदेविषयक जाण, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तर्कशक्ती आणि इंग्रजी हे तिचे विषय. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडे प्राथमिक गणितही असते. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण नाही. ह्या परीक्षेवर सरकारी, अनुदानित व खासगी महाविद्यालयांतील जागा केंद्रीय फेऱ्यांनी भरल्या जातात. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना मुले कीर्तीकडे पाहतात. आईबापांनी वसतिगृह व रेल्वेचे अंतरही पाहावे.

दुसरी परीक्षा राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. बंगळुरूचे पहिले असे विद्यालय १९८६ च्या कायद्याने स्थापन झाले व १९८८ मध्ये तेथील वर्ग सुरू झाले, प्रा. माधव मेनन हे त्याचे आद्य संचालक. पाच वर्षांच्या जोड अभ्यासक्रमास देशात प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः ह्या प्रयोगामुळे. आज अशी वीसहून अधिक विद्यापीठे असून मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर अशी तीन महाराष्ट्रात आहेत. ह्यांच्यासाठी २००८ पासून ‘क्लॅट’ नावाची सामाईक परीक्षा होते. केवळ दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ स्वतःची निराळी परीक्षा घेते. क्लॅट अलीकडे प्रवेशवर्षाच्या आदल्या डिसेंबरात होते, ही गोष्ट ठाऊक नसल्याने मार्चात बारावीची परीक्षा देऊन मग चौकशीस निघणारी कुटुंबे दर वर्षी एक वर्ष गमावतात. दोन तासांत १२० प्रश्न, आणि प्रत्येक चुकीस पाव गुण वजा. प्रश्न सुटे नसतात. सुमारे साडेचारशे शब्दांचा उतारा द्यावयाचा व त्यावर प्रश्न विचारावयाचे, अशी रीत आहे. कायद्याचे आगाऊ ज्ञान अपेक्षित नाही. उताऱ्यात दिलेला नियम दिलेल्या प्रसंगास लावून दाखवावयाचा असतो, म्हणजे लालमनच्या पंगतीतील कसोटीच! ती केवळ इंग्रजीतून होते, आणि येथे मराठी माध्यमाच्या हुशार मुलांची दमछाक होते ती बुद्धीची नव्हे, वाचनाच्या वेगाची. अकरावीपासून रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचून त्याचा सारांश मराठीत चार ओळींत लिहिण्याचा परिपाठ ठेवला, तर पुष्कळ उणीव भरून निघते. शिकवणीवर्गांच्या भरमसाट शुल्कापूर्वी हा स्वस्त उपाय एक वर्ष करून पाहावा.

इंग्रजीचा विषय निघाला म्हणून एक खुलासा. उच्च न्यायालयाचे काम राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमान्वये इंग्रजीत चालते. परंतु महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. गावोगावच्या पक्षकारांची खाती-फेरफार, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे ही सारी मराठीतच असतात. शुद्ध मराठी लिहिता न येणारा वकील तालुक्याच्या न्यायालयात किती केविलवाणा दिसतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांस दोन्ही भाषांची गरज निराळी सांगावयास नको.

पाच वर्षे की तीन वर्षे, ह्याचे उत्तर वयावर नव्हे, निश्चयावर अवलंबून ठेवावे. ज्याचा निश्चय बारावीसच झाला आहे, त्याचे पाच वर्षांत काम होते. पदवी व मग कायदा ह्या वाटेने सहा लागतात. पण सतरा वर्षांच्या मुलाचा निश्चय हा पुष्कळदा मित्राचा निश्चय असतो. तीन वर्षांच्या मार्गास आणखी एक गुण आहे, तो म्हणजे पहिल्या पदवीचे ज्ञान हाताशी राहते. वरील पत्रातील नातीचेच पाहा. तिने पाच वर्षांचा मार्ग धरला तर ती लवकर वकील होईल. पण विज्ञानाची पदवी घेऊन मग कायद्याला गेली, तर पेटंटच्या कामाचे दार तिला उघडे राहील, कारण पेटंट प्रतिनिधीच्या परीक्षेस विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी लागते. वाणिज्य पदवीधर नातवास कर व कंपनी ह्यांच्या कायद्यात तशीच सोय आहे, अर्थात् त्याला तिकडे जावयाचे असेल तर. आम्ही त्या गृहस्थांस लिहिले, की आधी नातवास एकांतात विचारावे, आणि कचेरीच्या किल्ल्या समोर ठेवून विचारू नये.

खर्चाचे म्हणाल, तर अंतर फार मोठे आहे. सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत वर्षाचे शुल्क काही हजारांत भागते. राष्ट्रीय विद्यापीठांत राहण्याजेवणासह ते वर्षास दोन-तीन लाखांच्या घरात व कोठे कोठे त्याहून वर जाते. काही खासगी संस्थांचे आकडे तर छातीत धडकी भरवणारे आहेत. मोठ्या शुल्काबरोबर मोठ्या शहरांतील कंपन्यांच्या नोकऱ्यांची संधी येते, हे खरे. पण ती वर्गातील प्रत्येकास मिळत नाही आणि तालुक्याच्या न्यायालयात उभे राहू इच्छिणाऱ्यास तिचा उपयोगही नाही. कर्ज काढून महाग पदवी घ्यावयाची आणि मग हप्त्यांसाठी नावडती नोकरी धरावयाची, ह्यापेक्षा घरी राहून जवळच्या चांगल्या महाविद्यालयात शिकणे व वाचलेल्या पैशांत पुढची उमेदवारी निभावणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते. कायद्याचे ग्रंथ सर्वत्र तेच असतात. नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या विद्यार्थ्याने किमान वीस आठवडे व तीन वर्षांच्या विद्यार्थ्याने बारा आठवडे वकील, न्यायालये किंवा तत्सम ठिकाणी प्रत्यक्ष काम पाहिले पाहिजे. ते आठवडे केवळ प्रमाणपत्राच्या कागदासाठी घालवणारा मुलगा कोठेही शिकला तरी कोराच राहतो.

पदवीनंतरची हकीकत पालकांस बहुधा कोणी सांगत नाही. पदवी म्हणजे सनद नव्हे. राज्याच्या बार कौन्सिलात नाव नोंदवावे लागते. ह्या नोंदणीसाठी ठिकठिकाणी हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की १९६१ च्या वकिलांच्या कायद्यात लिहिलेल्या रकमेहून, म्हणजे साधारण वर्गास ७५० व अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपयांहून, अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ती २०११ साली सुरू झाली व तिची वैधता सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केली. टीपा नसलेली कायद्यांची मूळ पुस्तके जवळ बाळगून ती देता येते, म्हणून मुले तिला हलकी समजतात. पण कोणते कलम कोठे आहे हे ठाऊक नसलेल्यास पुस्तक असून नसल्यासारखेच. सनद घेतल्यावर पगारी पूर्णवेळ नोकरी करता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. नोकरीही ठेवू व सायंकाळी वकिलीही करू, असा बेत कित्येक घरांत चालू असतो, तो नियमात बसत नाही.

पहिली दोनचार वर्षे ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारीची. ह्या काळात मिळकत नाममात्र, कित्येक ठिकाणी तीही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने सुचवले, की कनिष्ठ वकिलांस शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे. पण ती सूचना आहे, सक्ती नव्हे. ह्या वर्षांतच एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग होतो. चुलत भाऊ महिन्याच्या महिन्यास पगार आणतो आणि हा पंचविशी उलटूनही आईकडे बसभाडे मागतो, असे दृश्य घरात दिसू लागले, की जेवताना टोमणे सुरू होतात, आणि चांगली बुद्धीची मुले ह्याच टप्प्यावर धंदा सोडतात. त्याचा दोष मुलांकडे थोडा व पंगतीकडे अधिक, असे आम्हांस वाटते.

पूर्वी ज्यांस हा काळ नको असे, ते पदवी घेताच कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेस बसत. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठीची वकिलीच्या अनुभवाची अट काढून टाकली होती. २० मे २०२५ च्या निकालाने त्याच न्यायालयाने तीन वर्षांच्या अनुभवाची अट पुन्हा घातली. हा काळ तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजावयाचा असून न्यायाधीशांचा विधी-साहाय्यक म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचा, व तोही स्थानिक प्रमुख न्यायाधीशांच्या पृष्ठांकनासह असावा लागतो. म्हणून न्यायासनाची इच्छा धरणाऱ्या मुलामुलींनी कोणत्या दाव्यात कोणत्या तारखेस आपण उभे राहिलो, ह्याची वही नोंदणीच्या दिवसापासूनच घालावी आणि आपल्या नावाच्या वकीलपत्रांच्या नकला एका फडताळात जपून ठेवाव्यात.